मानवांक एकतीस

निबंधात सातशे शहाण्णव शब्द होते. वाक्यं एकशे चार. सर्वांत मोठं वाक्य एकवीस शब्दांचं आणि सर्वांत लहान दोन शब्दांचं: 'चिखल थंड.' आकडे सदतीस. विशेषणं अकरा, त्यातली चार 'ओला' हीच. उपमा एकही नाही. कबूल केलेली चूक एक.

प्रणिता मोंडकरने हे सगळं स्वतः मोजलं, कारण 'लेखपारख' नावाच्या यंत्राने त्या निबंधाला शंभरपैकी एकतीस मानवांक दिला होता आणि तो कशावरून दिला हे सांगायची यंत्राची पद्धत नव्हती. एकतीस म्हणजे हे माणसाने लिहिलेलं असण्याची शक्यता कमी. अर्ज पुढे सरकायला साठ लागत होते. मुदतीला नऊ दिवस उरले होते.

निबंध तिने एकटीने, वहीत, पेनाने लिहिला होता. पडवीत बसून, चार दुपारी.

अर्ज होता आंबेखोलच्या खाडीवर नव्याने उघडलेल्या निरीक्षण केंद्रातल्या एकमेव जागेसाठी. खाडीच्या चिखलात राहणाऱ्या जिवांची दर महिन्याला मोजणी करायची, एवढंच काम. प्रणिता ते काम बिनपगारी चौथं वर्ष करत होती. प्राणिशास्त्राची पदवी हातात होती, आणि पुण्याच्या एका औषध कंपनीचं नेमणूकपत्रही होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिथे आकडेवारीच्या टेबलाशी बसायचं होतं. केंद्रातली जागा मिळाली तर ती इथे राहणार होती आणि मोजणी चालू राहणार होती. नाही मिळाली तर मोजणी थांबणार होती. चौथ्या वर्षाच्या आठव्या महिन्यात, मध्येच.

मानवांकाचं शास्त्र तिने आधीच वाचून काढलं होतं. लिहिणारी यंत्रं मुळात एकच गोष्ट करतात: आतापर्यंत आलेले शब्द पाहून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधतात. तपासणारं यंत्र तोच खेळ उलटा खेळतं. तुमचा प्रत्येक शब्द झाकून ठेवतं, अंदाज करतं आणि झाकण उघडतं. अंदाज वारंवार बरोबर आला तर लेखन यंत्राचं. वारंवार फसला, आणि कुठे फसला, कुठे नाही यात काही नेम नसला, तर लेखन माणसाचं. कारण माणूस लिहिता लिहिता भरकटतो, त्याला मध्येच काहीतरी आठवतं, चिडतो, विसरतो.

यात एकच अडचण होती. 'चौकट ठेवली. चिखल उकरला. खुबे मोजले,' असं लिहिणाऱ्या माणसाचा पुढचा शब्द कोणालाही ओळखता येतो. तीन वर्षं प्रयोगशाळेत तिला तसंच लिहायला शिकवलं होतं: एका वाक्यात एक गोष्ट, आणि जे पाहिलं तेच. शिक्षकांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. लेखपारखने एकतीस दिले.

"तुझ्या वह्यांत जरा मीठमसालो कमी, ता खरां," मावशी म्हणाली. "पण म्हणान तू यंत्र?"

वैजयंतीमावशी ही प्रणिताच्या आईची थोरली बहीण. प्रणिताचे आईवडील कोल्हापुरात. ती कॉलेजसाठी म्हणून मावशीकडे आली आणि राहिली. मावशी तीस वर्षं खाडीत खुबे काढत होती. खुबे म्हणजे चिखलात दडून बसणारे मोठे शिंपले. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, हात घालून काढायचा. मावशीच्या अंगठ्याला खुबा आणि दगड यांतला फरक बुटाच्या तळव्यातूनही कळतो, असं गावात म्हणत. प्रणिताने अर्ध्या मीटरची पाइपची चौकट केली होती. दर महिन्याला अशा दहा चौकटी. मावशी चौकटीतला चिखल उकरून खुबे मोजायची आणि आकडा सांगायची, प्रणिता लिहायची. चिखलाच्या हातांनी वही धरता येत नाही, त्यामुळे कामाची ही वाटणी पहिल्याच दिवशी आपोआप ठरली होती.

*

लेखपारख आलं तसे त्याच्यावर उतारे विकणारेही आले. प्रणिताने चौकशी करून 'सहजशब्द' नावाची सेवा निवडली. तिच्या जाहिरातीत दोन पायऱ्या होत्या. पहिली: अनुभवी मानवी संपादकाकडून संपादन. दुसरी, अधिक पैसे भरून: मानवीकरण. आपण लिहिलेलं आपलंच असताना त्याचं मानवीकरण करून घ्यायचं, हे तिला चमत्कारिक वाटलं. तिने पहिली पायरी घेतली.

निबंध तिसऱ्या दिवशी परत आला. संपादकाने सात ठिकाणी स्वल्पविराम घातले होते. पाच ठिकाणी 'मोजले'चं 'मोजण्यात आले' केलं होतं. समासात शेरा होता: 'छान! आणखी भावना हव्यात.' नव्याने तपासल्यावर मानवांक अडतीस.

"सात स्वल्पविरामांचे सात गुण," प्रणिता म्हणाली.

"मगे आणखी बावीस घाल," मावशीने सुचवलं.

बावीस घालून पाहण्याइतकी प्रणिता जिज्ञासू होती. तिने घातले. मानवांक छत्तीस झाला.

मग तिने दुसऱ्या पायरीचे पैसे भरले. या वेळी तीन दिवस लागले नाहीत. चहा उकळायच्या आत निबंध परत आला. मानवांक चौऱ्याण्णव. खाली हिरव्या अक्षरांत अभिनंदन.

मावशी पडवीत खुबे धूत बसली होती. सुटका झाल्यासारखी प्रणिता बाहेर आली आणि खुब्यांच्या पाटीशेजारी बसून मोठ्याने वाचू लागली.

"'खाडीचा तो खारट वास नाकात शिरला की मी पुन्हा लहान होते...'"

"लहान होतीस तेव्हा कोल्हापुरात होतीस."

"थांब ना. 'चिखलात रुतलेली माझी मावशी, तिचे रापलेले, सुरकुतलेले हात...'"

मावशीने धुणं थांबवून हात उलटेसुलटे करून पाहिले. "सुरकुतलेले? पाण्यात बसलंय म्हणान तसे दिसतत. पुढे वाच."

"'त्या दिवशी टोपली रिकामीच राहिली. मावशी काहीच बोलली नाही. तिने फक्त समुद्राकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कुठलं नि खाडीचं कुठलं, मला कळेना.'"

"मी खंय रडलंय? कधी?" मावशी ताठ बसली. "नि समुद्राकडे कशाक बघू? समुद्र हडेसून दिसता तरी? मधी डोंगर आसा!"

प्रणिताला हसू आवरेना. मावशीही हसली, पण अर्धवट. "बरां, आकडे काय सांगलेत?"

प्रणिताने खाली नजर फिरवली. सदतीस आकड्यांपैकी दोन शिल्लक होते. एका चौकटीत सरासरी तीन पूर्णांक चार खुबे, असं तिने लिहिलं होतं. तिथे आता 'पूर्वी शेकडो, आज मोजकेच' असं होतं. खुबे कमी झाल्याचं तिने कुठेच म्हटलं नव्हतं. ते कमी झालेलेच नव्हते.

आणि एक आख्खा परिच्छेद नव्हता. मोजणीतली चूक जिथे कबूल केली होती तो.

"काय गो? काय झालां?"

"एक परिच्छेद काढून टाकलाय त्यांनी."

"कसलो?"

प्रणिताने पाटीतला एक खुबा उचलला, परत ठेवला. हा परिच्छेद तिने मावशीला कधी वाचून दाखवला नव्हता. मूळ निबंध पूर्ण वाचून दाखवणंच तिने त्यासाठी टाळलं होतं.

"तू पहिला खुबा परत टाकतेस ना, त्याबद्दल होता."

*

गोष्ट अशी होती. या वर्षी पावसाळ्यानंतर मावशीचं मनगट दुखत होतं, म्हणून दोन महिने प्रणिता स्वतः चिखलात उतरली आणि मावशीने वही धरली. चौकटीतले खुबे अचानक वाढले. जवळजवळ प्रत्येक चौकटीत एकेकाने. खाडीत दोन महिन्यांत असं काही होण्याचं कारण नव्हतं. मनगट बरं झाल्यावर मावशी पुन्हा उतरली आणि आकडे पुन्हा एकेकाने खाली आले. तेव्हा प्रणिताने वहीत डोकं न घालता प्रथमच मावशीच्या हातांकडे पाहिलं. नव्या जागेचा चिखल उकरला की पहिला हाताला लागलेला खुबा मावशी मागे न बघता पाण्याच्या ओढीत भिरकावत होती. मग मोजायला सुरुवात. तीन वर्षं प्रणिताला वाटत होतं, मावशी हाताचा चिखल झटकतेय.

आंबेखोलच्या बायका पिढ्यानपिढ्या हे करत होत्या. नवी जागा उकरली की पहिला खुबा खाडीचा. प्रणिताची प्रत्येक चौकट ही नवी जागा होती.

तीन वर्षांच्या तीनशे साठ चौकटी एकेकाने चुकल्या होत्या. एक मिळवून दुरुस्ती करणं सोपं होतं, पण सगळीकडे नाही. जिथे मावशीने 'शून्य' सांगितलं होतं तिथे खरोखर काहीच नव्हतं, की एकच होता आणि तो परत गेला, हे आता कळायला मार्ग नव्हता. अशा एकोणीस चौकटी होत्या. प्रणिताने निबंधात लिहिलं होतं: 'या एकोणीस चौकटींबद्दल मला काही सांगता येत नाही.'

"म्हणजे," मावशी हळूहळू म्हणाली, "तीन वर्सां माझ्यामुळे चुकला."

"तुझ्यामुळे नाही. मी विचारलं नाही म्हणून."

"तू माका सांगलंस नाय."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"नि त्या पुण्यामुंबयच्या लोकांका सांगूक गेलंस. त्यांका वाईट वाटणार नाय म्हणान!"

पाटी उचलून मावशी आत गेली. दुपारी हाक न मारताच तिने पानं घेतली. भात वाढला, सार वाढलं, तळलेला खुबा प्रणिताच्या ताटात टाकला. प्रणिताने पुण्याच्या कंपनीचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिथल्या आकड्यांत निदान कोणाचे हात नव्हते.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मावशी दारात येऊन उभी राहिली. ती दुपारभर मनात भांडत होती हे तिच्या पहिल्याच वाक्यावरून कळलं.

"तू काय इचारी होतंस माका? 'मावशी, किती गावले?' असां. बरोबर?"

"हो."

"पयलो मी खाडीक दिलंय. जो दिलो, तो गावलो कसो? माझो आकडो बरोबर आसा. तुझो प्रश्न चुकलो."

प्रणिताने क्षणभर विचार केला. चौकटीत किती होते आणि चौकटीतून किती मिळाले, या दोन वेगळ्या राशी होत्या. तिने मोजायची होती पहिली आणि तीन वर्षं विचारत होती दुसरी.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

"मगे तसां लिव. आणि तां रडूचा काढ."

*

पण रडणं काढलं की मानवांक घसरत होता. प्रणिताने करून पाहिलं. डोळ्यांतलं पाणी काढलं: एक्याऐंशी. खारट वास काढला: सत्तर. आकडे परत घातले: बावन्न. चुकीचा परिच्छेद परत घातला: बेचाळीस. आपल्या खऱ्या वाक्यांनी आपलीच किंमत कशी पायरीपायरीने खाली येते, याचा तिने आलेख काढला. रेषा जवळजवळ सरळ आली. हा आलेख तिला इतका आवडला की तिने तो भिंतीला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी तिने सहजशब्दला तक्रारीचा फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली, मग एका थकलेल्या आवाजाने 'नमस्कार, मी निशिकांत, आपला मानवी संपादक' असं म्हटलं.

"तुम्ही खरेच आहात का?" प्रणिताने विचारलं.

"सगळेच विचारतात. जळगावचा आहे, मॅडम. भौतिकशास्त्रात एमएस्सी. आणखी काय पुरावा देऊ?"

"माझ्या निबंधात तुम्ही माझ्या मावशीला रडवलंत."

"मी नाही. यंत्राने. मी फक्त शेवटचा आकडा बघतो. नव्वदच्या वर गेला की पाठवतो. दिवसाला एकशे चाळीस होतात." मग त्याने विचारलं, "कुठली मावशी? खुब्यांची?"

"वाचलंत तुम्ही?"

"मूळचा वाचला. चुकून उघडला आणि वाचत गेलो. आमच्याकडे खाडी कुठली! त्यातलं ते एक मिळवायचं आणि शून्याला नाही मिळवायचं, ते मी कागदावर करून बघितलं."

प्रणिताला या माणसावर रागवायचं होतं. ते आता अवघड झालं होतं. "मग तो परिच्छेद काढला का?"

निशिकांतने तिला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता त्याच्या आवाजातला थकवा कमी झाला. मानवीकरण करणारं यंत्र माणसासारखं लिहायला शिकलेलंच नसतं. ते लेखपारखचा आकडा वाढवायला शिकलेलं असतं. एक वाक्य बदलायचं, आकडा बघायचा. वाढला तर ठेवायचं, नाहीतर दुसरं. असं लाखो वेळा. डोंगरावर धुक्यात सोडलेला माणूस फक्त चढ तेवढा ओळखत वर जातो, तसं. आणि डोंगर एकच असेल तर सगळे एकाच शिखरावर पोचतात. बाजारात अशा तीस-चाळीस सेवा होत्या. सगळ्यांनी लेखपारखचाच डोंगर चढलेला. त्या शिखरावर काय होतं, तर एक खारट किंवा मातकट वास, एक सुरकुतलेला हात, आणि न बोलता दूर बघणारी एक बाई.

"तुमच्या आधीच्या निबंधात आजोबा होते," निशिकांत म्हणाला. "त्यांनी उसाकडे बघितलं. त्याच्या आधी एक हवालदार, त्याने हायवेकडे. पहिली दहा हजार माणसं अशी बघत होती तोवर लेखपारखला ते अनपेक्षित होतं. आता तेच सगळ्यांत अपेक्षित झालंय, पण त्यांनी यंत्र नव्याने शिकवलेलं नाही. खर्च येतो."

"म्हणजे चौऱ्याण्णव मिळालेले सगळे निबंध सारखेच?"

"मी वाचत नाही, असं सांगायला मला पगार मिळतो, मॅडम. पण हो."

"तुम्ही माझ्या जागी असता तर कुठला पाठवला असता?"



"चौऱ्याण्णववाला," तो म्हणाला. "साठच्या खाली कोण वाचणार? तुमची मोजणी चालू राहायला हवी ना?"

ते त्याने प्रामाणिकपणे दिलेलं उत्तर होतं. पैसे मात्र परत मिळाले नाहीत. नियमात आकडा वाढवून देण्याची हमी होती आणि आकडा वाढला होता.

*

मुदतीच्या आदल्या दिवशी ओहोटी सकाळी साडेसातला होती. प्रणिता आणि मावशी खाडीत उतरल्या. पाणी मागे सरकलं होतं आणि चिखलावर पक्ष्यांच्या पावलांची दाट नक्षी होती.

"आता इचार," मावशी म्हणाली.

"मावशी, चौकटीत किती आहेत?"

मावशीने पहिला खुबा वर धरला. "ह्यो एक," असं ठणठणीत म्हणून तो ओढीत भिरकावला. "दोन. तीन. चार. पाच. पाच आसत. गावले चार."

प्रणिताने वहीत आणखी एक रकाना आखला. दहाव्या चौकटीपर्यंत तिचं ठरलं होतं: मूळ निबंधच पाठवायचा. ठरण्यामागे फार मोठं काही नव्हतं. जागा मिळाली तर पहिल्याच दिवशी केंद्रात या वह्या द्याव्या लागणार, आणि त्याच कपाटात तिचा निबंध असणार. वह्या सांगणार, खुबे तेवढेच आहेत. निबंध सांगणार, पूर्वी शेकडो होते. दोन्हींवर नाव तिचंच. असा विरोध दुसऱ्या कोणाच्या कामात दिसला असता तर तिने दोन्ही बाजूला ठेवले असते.

घरी येऊन तिने मूळ निबंध काढला. मावशीच्या सांगण्यावरून एक वाक्य बदललं: 'मावशीची मोजणी चुकली' याचं 'माझा प्रश्न चुकला' केलं.  अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक कलम होतं की मानवांक कमी असल्यास अर्जदार पुरावा जोडू शकतो. तिने वह्यांच्या दोनशे चौदा पानांची छायाचित्रं जोडली, चिखलाच्या डागांसकट. भिंतीवरचा आलेखही जोडला. मानवांक: एकतीस. पाठवा.

"पाठवलंस?" आतून मावशीने विचारलं.

"पाठवला."

"रडतंय काय मी त्यात?"

"नाही."

"मगे जेवूक ये."

*

सतरा दिवसांनी बोलावणं आलं. प्रणिताला ते चुकून आलंय असंच वाटत होतं, आणि त्या खात्रीमुळे ती निवांत होती. मावशी बरोबर आली. 'परत येताना बाजार करूचो आसा' हे तिने दिलेलं कारण.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नफिसा मुकादम पन्नाशीच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या टेबलावर छापलेल्या निबंधांचा गठ्ठा होता आणि प्रणिताचा निबंध सर्वांत वर.

"एकशे अठ्ठ्याहत्तर अर्ज," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकशे सदतीस जणांना नव्वदच्या वर. मी पहिले वीस वाचले. वीसपैकी सतरांमध्ये कोणीतरी गप्प राहून लांब बघत होतं. मग मी यादी उलटी केली आणि खालून वाचायला घेतलं. तुमचा खालून चौथा."

"पहिले तीन?" प्रणिताने न राहवून विचारलं.

"एक कोरा होता. एकात पाककृती होती. तिसरा यंत्राने लिहिलेला होता, पण त्याने तसं स्पष्ट सांगितलं होतं." डॉ. मुकादम हसल्या. "तुमच्या एकोणीस चौकटींचं वाक्य मी तीनदा वाचलं. 'मला काही सांगता येत नाही.' हे वाक्य कोणी पैसे घेऊन लिहून देत नाही. ही मावशी कुठे असते?"

"बाहेर बसलीय."

मावशीला आत बोलावलं. ती खुर्चीच्या टोकाला बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"पहिला खुबा परत का टाकता तुम्ही?"

"माझी आवस टाकी, म्हणान मी टाकतंय."

"आणि तुमच्या आई का टाकायच्या?"

"ती म्हणी, परत दिलो तर खाडी पुढच्या खेपेक हात आखडता घेणा नाय. तो वाढता, त्येची पोरां होतत."

"होतात का? म्हणजे, भिरकावलेला खुबा जगतो का?"

मावशीने प्रणिताकडे बोट केलं. "तां हिका इचारा. मोजूची भारी हौस."

डॉ. मुकादम प्रणिताकडे वळल्या. 

"माहीत नाही," प्रणिता म्हणाली. "ते मोजलेलं नाही."

"कसं मोजाल?"

"खूण करून. साठ खुब्यांवर नंबर घालायचे. मावशी जशी टाकते तसेच टाकायचे. आणि आणखी साठ, उचलून, नंबर घालून, पुन्हा त्याच जागी पुरायचे. ओढ जिथे खुबे नेऊन टाकते त्या वळणावर जाळी लावायची, म्हणजे ते हरवणार नाहीत. एक महिना थांबायचं. नुसते टाकलेलेच मोजले तर मेलेले खुबे टाकल्यामुळे मेले की हाताळल्यामुळे, ते कळणार नाही."

"नंबर कशाने घालाल? खाऱ्या पाण्यात शाई टिकत नाही."



"नखांचा रंग," मावशी म्हणाली. "पण तांबडो नको. बगळे लांबसून बघतीत. मातकट घ्या."

डॉ. मुकादमांनी कागदावर लिहिलं: नेलपॉलिश, मातकट. त्याच कागदाच्या खालच्या भागावर प्रणिताच्या नेमणुकीची तारीख आधीच छापलेली होती, हे तिला तो कागद हातात आल्यावर दिसलं.

बाहेर आल्यावर प्रणिताने पुण्याच्या कंपनीला फोन करून नम्रपणे नकार कळवला. मग निशिकांतला निरोप पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: 'जगतो का तो कळवा.'

"कोण गो?" मावशीने विचारलं.

"संपादक."

"तो रडवणारो? त्येका म्हणा, एकदा खुबे खावक ये."

पुढच्या अमावस्येच्या ओहोटीला काम सुरू झालं. मावशीने एकशे वीस खुबे निवडून काढले, प्रणिताने नंबर घातले. रंग वाळेपर्यंत दोघी बांधावर बसून होत्या, आणि एवढे खुबे समोर असताना एकही शिजवायचा नाही, याचं मावशीला फार हसू येत होतं. मग ती पाण्यात उतरली. साठही खुबे तिने एकेक करून, मागे न बघता भिरकावले. उरलेले साठ प्रणिताने जागच्या जागी पुरले.

तिसाव्या दिवशी सकाळी मोजणी झाली. मोजणारी वैजयंती कुबल, लिहिणारी प्रणिता मोंडकर. जागी पुरलेले साठ: सापडले सत्तावन्न, जिवंत चोपन्न. पाण्यात टाकलेले साठ: सापडले पंचावन्न, जिवंत त्रेपन्न.